कोरडं वजन

डब्यांचे खण अठ्ठावीस, आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस रिकामे. निळ्या डब्यात चौदा, पांढऱ्यात चौदा. वरची ओळ सकाळची, खालची रात्रीची. दोन रविवारांपूर्वी पायलने स्वतःच्या हाताने त्यांत अठ्ठ्याण्णव गोळ्या भरल्या होत्या. त्यांतल्या चौदा निम्म्या तोडलेल्या होत्या, पण मोजताना तिने त्याही पूर्ण धरल्या होत्या. डब्यांशेजारी स्टीलच्या छोट्या डबीत टॉर्सेमाइडची अर्धुकं होती. डॉक्टरांनी लघवीची ही गोळी निम्मी केल्याला अकरा दिवस झाले होते; आई रोज ती मोडून एक अर्धुक बाबांना देत होती आणि दुसरं डबीत ठेवत होती. पायलने डबी तळहातावर उपडी केली. अकरा अर्धुकं. एकही गोळी चुकली नव्हती.

आणि तरीही समोर खाटेवर बसलेले तिचे बाबा शर्टाची बटणं लावता लावता दोनदा थांबले होते. बटणं पाचच होती.

"काय पाहून राहिली?" धर्मपाल सिरसाटांनी विचारलं.

"काई नाई. गोळ्या मोजून राहिली."

"मोज, मोज. मापाऱ्याची पोरगी हायेस."

हे वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं. पायलने तेही मनात टिपून ठेवलं.

पायल अमरावतीला माती तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करायची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि तिथेच चिकटली. एक रविवार सोडून एक रविवार ती बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडायची आणि साडेआठच्या सुमारास अकोल्याला कृषी नगरातल्या घरी पोचायची. आल्या आल्या चहा, मग डबे भरणं, मग रक्तदाब, मग वही. हा क्रम गेले सात आठवडे बदलला नव्हता. सात आठवड्यांपूर्वी बाबा अकरा दिवस हॉस्पिटलात होते. हृदय बंद पडलेलं नाही, त्याचा जोर कमी झालाय, असं डॉक्टर अनुपमा देशकरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं. पंप ढिला पडला की पाणी मागे साचतं. पायांत, पोटात, आणि शेवटी फुप्फुसात. म्हणून पाच गोळ्या. रक्तवाहिन्या सैल करून हृदयाचं ओझं कमी करणारी सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल, अर्धीच घ्यायची स्पायरोनोलॅक्टोन, मुळात साखरेची असून हृदयालाही चालणारी डापाग्लिफ्लोझिन आणि पाणी काढणारी टॉर्सेमाइड. शिवाय रात्री एक कोलेस्टेरॉलची.

बाबांना ही नावं येत नव्हती. पस्तीस वर्षं अकोल्याच्या धान्यबाजारात मापारी म्हणून काढलेल्या माणसाने गोळ्यांनाही बाजारातच कामाला लावलं होतं. ठोके आवरणारी ती चौकीदार. मोठी लांबोळी ती अडत्या, कारण सगळ्यात महाग. आणि टॉर्सेमाइड म्हणजे हमाल. आतल्या पाण्याच्या गोण्या पाठीवर घेऊन बाहेर नेऊन टाकणारा.

पायलने वही उघडली. हॉस्पिटलातून मिळालेली, दोनच रकान्यांची: तारीख आणि वजन. रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत काट्यावर उभं राहायचं आणि आकडा लिहायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा. बाबांचं अक्षर छापल्यासारखं होतं. एकोणपन्नास दिवस, एकोणपन्नास नोंदी. ६२.४. ६२.५. ६२.४. ६२.३. ६२.५. आज सकाळची, ६२.५.

याच आकड्यांवर विसंबून गोळी निम्मी झाली होती. रक्ताचा रिपोर्ट आईने फोनवरून हॉस्पिटलात पाठवला होता, त्यात किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, १.६ वर गेला होता. डॉक्टरांकडच्या माया सिस्टरचा फोन आला: वजन किती? बाबांनी वहीतलं सांगितलं. वजन जागच्या जागी आहे आणि किडनीवर ताण दिसतोय, तर पाणी काढणारी गोळी कमी करू, असं डॉक्टरांनी ठरवलं. त्या आकड्यांवर कुणीही तेच ठरवलं असतं. पायलनेही फोनवर होच म्हटलं होतं.

आता ती वहीकडे बघत राहिली. पहिल्यांदा आकडे वाचले होते तेव्हा तिला बरं वाटलं होतं. सपाट रेघ म्हणजे सगळं ठीक. आज तोच सपाटपणा तिला खटकला. माणूस एक पेला पाणी प्याला तरी दोनशे ग्रॅमने वाढतो. पोट साफ झालं नाही तर पाव किलो. मधल्या दिवसांत दिवाळी होऊन गेली होती, मामाकडचं जेवण होऊन गेलं होतं, एक दिवस जुलाबही झाले होते. एकोणपन्नास दिवस कुणाचं वजन तीनशे ग्रॅमच्या आत राहतं? दगडाचं राहील.

मागच्या वर्षी तिच्या प्रयोगशाळेत असंच झालं होतं. विपुल नावाच्या सहायकाने चाळीस नमुन्यांचा सामू, म्हणजे पीएच, ६.८, ६.८, ६.९ असा लिहिला होता. चाळीस शेतांची माती, आणि सगळी एकसारखी? पायलनेच ते पकडलं होतं. इलेक्ट्रोड एकदाही नमुन्यात बुडाला नव्हता. पठ्ठ्याने खुर्चीवर बसून आकडे लिहिले होते.

तिने वही मिटली. काटाच बिघडला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खरं निघावं अशी तिची फार इच्छा होती.

काटा न्हाणीच्या दाराशी होता. ती त्यावर उभी राहिली: ५१.२. स्वयंपाकघरातून कणकेचं न फोडलेलं पाच किलोचं पाकीट घेऊन पुन्हा उभी राहिली: ५६.२. उतरून परत चढली. तेच. काटा शंभर ग्रॅमपर्यंत बरोबर होता.

"कणीक घेऊन काय नाचून राहिली वो?" आईने पोह्यांत हळद टाकत विचारलं. ललिताबाईंच्या हातचे बिनमिठाचे पोहे आता घरातल्या सगळ्यांनाच खावे लागत होते.

"आई, बाबा रोज काट्यावर उभे राह्यतात ना? तू पाह्यलं?"

"मंग? सहाला उठते, न्हाणीत जाते, मंग काट्यावर. मी चहा ठेवता ठेवता पाह्यतो रोज."

"अन् आकडा? आकडा पाह्यला?"

"आकडा म्या काहून पाहू? मापारी ते हायेत का मी?" आईचा झारा थांबला. "काहून? काय झालं?"

"त्यायचे पाय पाह्यले तू? किती उशा घेऊन झोपतात?"

आईने झारा कढईतच सोडला. "तीन," ती म्हणाली. "पैले एक घेत. म्या म्हटलं थंडीचं छातीत कफ झाला असन." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरी, एक सांगतो. त्यायले वजनाचं काई इचारू नको. म्हंजे असं इचारू नको, का बा तुमी खोटं लिवता. हातपाय मोडले तरी चालन त्यायले, पन हे नाई."

पायलला हे माहीत होतं. बाजारात एकदा एका व्यापाऱ्याच्या माणसाने काट्याच्या तळाशी पाय लावला होता, तेव्हा बाबांनी भर यार्डात माप थांबवलं होतं आणि तीनशे गाड्यांची रांग दोन तास तशीच उभी राहिली होती. ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. अशा माणसाला जाऊन काय विचारायचं?

पण न विचारता राहायचं तर त्या तीन उशांचं काय करायचं? आकडे खरे असतील तर हा दम पाण्याचा नाही. मग फुप्फुसाचं काही असेल, किंवा हृदयच आणखी ढिलं झालं असेल. आकडे खोटे असतील तर बाबा अकरा दिवस अर्ध्या गोळीवर आतून भरत चाललेत. दोन्हींचं औषध वेगळं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर किडनी जाईल किंवा श्वास. आजची सकाळची गोळी अजून द्यायची होती. अर्धी का पूर्ण, हे तिला आत्ताच कळायला हवं होतं.

ती बाबांच्या समोर जमिनीवर बसली. आधी ऑक्सिजनचं चिमट्यासारखं यंत्र त्यांच्या बोटाला लावलं. पंच्याण्णव. रक्तदाब एकशे दहा, सत्तर. मग घड्याळाकडे बघत श्वास मोजले. मिनिटाला बावीस.

"बाबा, ह्या वहीतले आकडे..." तिने घसा साफ केला. "काट्यावर दिसते तेच लिवता ना तुमी?"

बाबांनी चष्मा काढला. "म्हंजे?"

"म्हंजे, अंदाजानं नाई ना लिवत?"

"तुया मनात काय हाय ते सरळ सांग, पायल."

"एकोणपन्नास दिवस वजन हाललंच नाई, बाबा. असं होत नाई."

"म्हंजे म्या खोटं लिवलं." ते उठायला गेले. उठले, दोन पावलं चालले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले. खांदे वर-खाली होत होते. "पस्तीस वर्सं... बाजारात कोनाच्या बापानं... असं म्हटलं नाई मले."

वाक्याचे तीन तुकडे झाले होते. पायलने मोजले.

"जय भीम, धर्मपालभाऊ!" दाराबाहेरून आवाज आला. नत्थुजी. बाबांच्याच काट्यावर तीस वर्षं गोण्या चढवलेला हमाल. गुडघे गेले तसा तोही घरी बसला होता, आणि दर रविवारी पोहे खायला यायचा. त्याने चौकटीतल्या बाबांकडे पाहिलं, मग पायलकडे. "काय झालं? मापात घट आली का?"

"इचार इले," बाबा म्हणाले. "शिकलेली पोरगी हाय. म्हन्ते, बाप खोटं वजन लिवते."

नत्थुजीने बाबांच्या काखेत हात घालून त्यांना अलगद खाटेवर आणून बसवलं. गोण्या उचलणाऱ्या माणसाचा हात. ओझं कसं धरायचं ते त्याला सांगावं लागत नव्हतं. बसवल्यावर मात्र त्याने बाबांकडे नीट निरखून पाहिलं. "भाऊ, जड लागून राहिले तुमी," तो म्हणाला. "दिवाळीले उठोलं होतं म्या तुमाले. तवापेक्षा जड हाय. पाच-सात शेर नक्की."

"ते पानी हाय," बाबा म्हणाले.

पायलने मान वर केली. "काय म्हटलं, बाबा?"

"पानी हाय म्हटलं. माल नोय तो." त्यांना अजून राग होता, पण आता साक्षीदार मिळाल्यामुळे तो थोडा ताठ झाला होता. "नत्थू, तू सांग इले. ओलं सोयाबीन आलं काट्यावर, तर म्या काय लिवत होतो?"

"भरतीचं पुरं वजन पाह्यचं, ओलावा कापायचा, अन् जे उरन ते लिवायचं," नत्थुजी म्हणाला. "दान्याले दात लावून ओलावा सांगत होते हे, पायल. मशीन आली तवा अडत्यानं मुद्दाम ताडून पाह्यलं. अर्ध्या टक्क्याचा फरक नाई निघाला."

"अन् डॉक्टरीनबाई काय म्हन्ली होती, सुट्टी देल्ली तवा?" बाबांनी पायलकडे बोट केलं. "तू होती तठी. ती म्हन्ली, तुमचं कोरडं वजन साडेबासष्ट. याच्यावर जे चढन ते पानी, तुमचं नाई. मंग सिस्टरनं वही देल्ली, वजन लिवा म्हन्ली. वजनाचा एकच रकाना. एक रकाना असला तर मापारी काय लिवन? ओलं लिवन?"

त्यांनी पायजम्याची कड वर केली, नडगीवर अंगठा टेकवला आणि दाबला. तोंडाने हळूच आकडे म्हणत, दहापर्यंत. अंगठा उचलला तेव्हा तिथे खळगा पडला होता, कणकेत पडावा तसा. पायलने घड्याळ पाहिलं. खळगा भरायला एकतीस सेकंद लागले.

"बोटभर खोल, अन् गुडघ्याच्या वर गेला," बाबांनी निवाडा दिल्यासारखं सांगितलं. "पावनेसा किलो ओलावा. रोज असाच पाह्यतो. काट्यावर येते त्याच्यातून कापतो, अन् मंग लिवतो. अंदाजानं एक दिवस लिवलं नाई."

स्वयंपाकघरात पोहे करपल्याचा वास आला, तरी आई दारातच उभी राहिली.

पायलच्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं आणि त्यासरशी भीतीही बसली. विपुलने आकडे मोजलेच नव्हते. बाबांनी मोजले होते, पस्तीस वर्षांच्या इमानाने मोजले होते, आणि नेमकी जी गोष्ट डॉक्टरांना हवी होती तीच रोज कापून टाकली होती. तिने पेन हातात घेतलं. मग तिने विचारलं, "बाबा, ओलं किती हाय?"

"आजचं? अडुसष्ट दोनशे."

"लिवलं नाई कुठी?"

"लिवायचं काहून? मापारी तोंडी ठेवते."

"कालचं?"

"सदुसष्ट आठशे." ते भिंतीकडे बघत, न अडखळता उलटे मोजत गेले, फक्त मध्ये मध्ये श्वास घेत. "परवाचं सदुसष्ट चारशे. त्याच्या आंदी सदुसष्ट शंभर. मंग सहासष्ट सातशे. सहासष्ट तीनशे. सोमवारी पासष्ट नवशे."

पायल वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहीत होती. "अन् गोळी अर्धी केली, त्याच्या आदल्या दिवशी? त्या मंगळवारी?"

"त्रेसष्ट आठशे."

बारा सकाळींत चार किलो चारशे. तिला आलेख काढायची गरज नव्हती.

"हमाल अर्धा केला तर माल आतच राह्यन ना," नत्थुजी म्हणाला. मग आपण काहीतरी भलतंच बोललो असं वाटून त्याने बाबांच्या पाठीवर हात ठेवला. "पन भाऊ, ओलं चढून राहिलं हे दिसत होतं ना तुमाले? सांगतलं काहून नाई कोनाले?"

"इचारलं कोनी?"

"तसं नाई. परत दवाखान्यात भरती करतीन म्हून मुद्दाम तं नाई कापलं?"

"मुद्दाम कधी कापलं नाई," बाबा म्हणाले, आणि पायजम्याची कड खाली केली. मग, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले, "अकरा दिवस लय झाले तठी."

माया सिस्टरने तिसऱ्या रिंगला फोन उचलला. रविवार असूनही तिने पायलचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलं, आकडे उतरवून घेतले आणि पाच मिनिटांत डॉक्टर देशकरांना फोनवर घेतलं. पायलने त्यांना सगळं सांगितलं.

"कोरडं वजन," डॉक्टर म्हणाल्या. "हा शब्द मीच वापरला होता. बरं. ऑक्सिजन?"

"पंच्याण्णव. श्वास बावीस. बी.पी. एकशे दहा-सत्तर."

"बसल्या जागी पूर्ण वाक्य बोलता येतंय?"

"बसून येतं. चालल्यावर तुटतं."

"छातीत दुखतंय? गुंगी, घाम?"

"नाही."

"मग ऐका. आत्ता टॉर्सेमाइड चाळीस. वीसच्या दोन, एकदम. बाकी सगळ्या गोळ्या तशाच. पाणी, चहा, डाळ सगळं धरून बाराशे मिली, त्यापुढे घोटभर नाही. लघवी मोजा. ऑक्सिजन ब्याण्णवच्या खाली गेला, बसून दम लागला किंवा चक्कर आली तर मला न विचारता अॅम्ब्युलन्स बोलवायची. उद्या सकाळी त्याच वेळी, त्याच कपड्यांत वजन. किमान एक किलो उतरलं तर फक्त रक्त तपासायला आणा. नाही उतरलं तर कपड्यांची पिशवी भरूनच आणा, भरती करून शिरेतून औषध द्यावं लागेल."

"आणि किडनी? १.६ होतं ना?"

"पाणी साचलं तरी क्रिएटिनिन वाढतं, पायल. उद्या कळेल."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी ऐकलं होतं. ते स्वतःशीच पुटपुटले, "म्हंजे उद्या सदुसष्ट दोनशे. त्याच्या खाली."

दहा वाजून तीस मिनिटांनी त्यांनी दोन गोळ्या घेतल्या. नत्थुजी घरी जायला तयार नव्हता. करपलेले पोहे त्याने मीठ मागून खाल्ले, आणि मीठ बाबांच्या नजरेसमोर खायचं नाही म्हणून आईने त्याला ताटली घेऊन बाहेर ओट्यावर पाठवलं. पायलने स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा खुणांचा जग न्हाणीत नेऊन ठेवला. आईने डोक्याला हात लावला. "गेला माह्या जग."

अकरा वाजले. काही नाही. अकरा वीसला पायलने विचारलं, आणि बाबांनी हात झटकला. हृदय ढिलं असलं की आतड्याला सूज येते, गोळी नीट शोषली जात नाही, हे तिने वाचलं होतं. आता ते वाचलं नसतं तर बरं झालं असतं. साडेअकरानंतर तिने घड्याळ उलटं करून ठेवलं.

अकरा चाळीसला बाबा भिंतीला धरून न्हाणीत गेले. बराच वेळ आवाज नाही. मग दाराआडून बाजारातल्या खड्या, लांबवलेल्या सुरात हाळी आली:

"लाभ!"

नत्थुजी ओट्यावर हसून हसून खोकायला लागला. धान्य मोजताना पहिलं माप एक म्हणून मोजत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, मग तीन. आईने पदर तोंडाला लावला. "म्हातारपनी लाज सोडली यायनं," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

साडेचारशे मिली. पायलने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. बारा पन्नासला पाचशे. सव्वादोनला चारशे. प्रत्येक वेळी आतून हाळी यायची आणि प्रत्येक वेळी तिचा जीव थोडा भांड्यात पडायचा. पण चार वाजता जग तीनशेवरच थांबला, आणि त्याच वेळी बाबा म्हणाले की डोकं हलकं लागून राहिलं. रक्तदाब अठ्ठ्याण्णव, चौसष्ट. तिने त्यांना आडवं केलं. पाणी लवकर निघालं तर दाब पडतो, दाब पडला तर किडनीला रक्त कमी जातं. अर्ध्या गोळीला आपण होकार दिला होता, आता दोन गोळ्यांनाही आपणच. अॅम्ब्युलन्सचा नंबर स्क्रीनवर आणून ती खाटेच्या कडेला बसून राहिली. दहा मिनिटांनी पुन्हा दाब घेतला: एकशे चार, सहासष्ट. विचारल्यावर बाबा म्हणाले, चक्कर नाही, फक्त भूक लागली.

तिने माया सिस्टरला कळवलं. सिस्टर म्हणाली, शंभराच्या वर आहे ना, मग हळूहळू उठवा आणि बघत राहा.

साडेसहाला अडीचशे. नऊला दोनशे. बेरीज एकवीसशे. पोटात गेलेलं पाणी बाराशे. फरक नऊशे; शिवाय श्वासातून आणि त्वचेतून गेलेलं, आणि त्याच्या उलट दोन भाकरी आणि वाटीभर भाजी. ती पुन:पुन्हा गणित करत होती आणि दर वेळी उत्तर एक किलोच्या अलीकडे-पलीकडे येऊन घुटमळत होतं. कपड्यांची पिशवी आईने न बोलता भरली आणि दाराशी ठेवली. बाबांनी ती पाहिली आणि कूस बदलली.

झोपण्यापूर्वी ते म्हणाले, "तुमच्या मातीच्या हापिसात ओल्या मातीचं काय लिवता?"

"ओलं वजन लिवतो. मंग भट्टीत एकशे पाच डिगरीले सुकवतो, अन् कोरडं लिवतो."

"दोनी?"

"दोनी. ओलं फेकून देल्लं तर किती ओलावा होता ते कसं कळन?"

"आमच्या चिठ्ठीवर तीन रकाने राहत होते," ते म्हणाले. "भरती, कट, निव्वळ. यायच्या वहीत एकच हाय."

"उद्या पट्टी घेऊन आखतो."

"हाओ. आखजो."

सकाळी सहाला पायल उठली तेव्हा ते आधीच उठून बसले होते. उशा दोन होत्या. तिसरी त्यांनी काढली होती की खाली पडली होती, ते तिने विचारलं नाही. ते न्हाणीत जाऊन आले. कालचाच पायजमा, कालचंच बनियन. आईने चहाचं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं. बाबांनी काटा पायाने ओढून फरशीच्या सपाट जागी आणला, वाकून शून्य आहे का पाहिलं, एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि हात सोडून समोर बघत उभे राहिले.

आकडे वर-खाली झाले आणि थांबले. पायलने वाकून वाचले, मग पट्टीने नव्याने आखलेल्या पहिल्या, भरतीच्या रकान्यात लिहिले.

सहा वाजून दहा मिनिटं. सहासष्ट किलो आठशे ग्रॅम.